मर्मर खरी होती, आजार नव्हता

प्रश्न : आमच्या शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांनी मोबाइलला जोडलेला स्टेथोस्कोप वापरला. चौथीतल्या एका मुलीच्या छातीला तो लावला आणि पडद्यावर ‘मर्मर आहे’ असं उमटलं. तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. टूडी इको केल्यावर हृदय ठणठणीत निघालं. असली यंत्रं वापरात आणण्याआधी कुणी तपासून बघतं की नाही?
— एक शिक्षिका, जव्हार

उत्तर : बाई, बघतात. आणि तुमचं यंत्र चुकलंच असेल, असं मला वाटत नाही.

मर्मर हा आजार नाही, आवाज आहे. हृदयाच्या झडपा मिटताना ‘लब’ आणि ‘डब’ असे ठोके पडतात. त्यांच्या मधल्या शांततेत रक्ताची सळसळ ऐकू आली की डॉक्टर तिला मर्मर म्हणतात. (संस्कृतातही वाळल्या पानांच्या सळसळीला मर्मरच म्हणतात. इंग्रजीने तो शब्द आपल्याकडून उचलला नाही. दोन्हीकडच्या कानांना तोच नाद ऐकू आला, इतकंच.) निम्म्याहून अधिक निरोगी मुलांच्या छातीत लहानपणी कधी ना कधी अशी निरुपद्रवी मर्मर सापडते. ताप असला किंवा मूल नुकतंच धावून आलेलं असलं की ती वाढते. उलट, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र असेल तर मर्मर जोरात येते आणि छिद्र मोठं असेल तर पुष्कळदा हळू. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे अक्षरशः खरं आहे.

म्हणून यंत्राची परीक्षा घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. मर्मर त्याला ऐकू येते का? आणि आजारी मूल त्याला ओळखता येतं का? पहिल्याचं उत्तर तज्ज्ञाच्या कानाशी ताडून मिळतं, दुसऱ्याचं सोनोग्राफीसारख्या इको तपासणीशी. जाहिरातीत या दोन्हींची सर्रास खिचडी केलेली असते.

ब्राझीलचं उदाहरण बघा. तिथल्या ईशान्येकडच्या पाराइबा राज्यात 2014 आणि 2015 साली मुलांच्या हृदयतपासणीची शिबिरं झाली. डिजिटल स्टेथोस्कोपने छातीवरच्या चार ठरलेल्या जागी ठोके ध्वनिमुद्रित केले गेले. मुद्रण शांत खोलीत झालं नाही. त्यात रडणं आहे, बोलणं आहे, हसणं आहे. पुढे 2022 साली याच संग्रहावर जगभरच्या चमूंची स्पर्धा झाली : संगणकाला मर्मर ओळखायला शिकवा. शिकवण्यासाठी 942 जणांची मुद्रणं खुली केली, बाकीची परीक्षेसाठी झाकून ठेवली. एकाच मुलाची काही मुद्रणं शिकवणीत आणि काही परीक्षेत येणार नाहीत, ही काळजीही घेतली. नाहीतर फुटलेल्या पेपरवर पहिला नंबर काढल्यासारखं झालं असतं.

त्या 942 जणांपैकी तज्ज्ञाला 179 जणांत मर्मर ऐकू आली, 695 जणांत आली नाही. उरलेल्या 68 जणांबद्दल त्याने ‘सांगता येत नाही’ असं नोंदवलं. मला हा तिसरा रकाना फार प्रामाणिक वाटतो. यंत्रालाही ‘पुन्हा ऐकवा’ म्हणता आलं पाहिजे. पण खरी गंमत पुढे आहे. याच 942 जणांपैकी 456 जणांचं अंतिम निदान ‘असामान्य’ होतं. म्हणजे मर्मर अचूक पकडणारं यंत्रसुद्धा निव्वळ तिच्या भरवशावर यातली निम्म्याहून अधिक मुलं सोडून देईल.

आता तुमच्या शाळेकडे येऊ. समजा, 1000 मुलांत 10 जणांना खरोखर हृदयविकार आहे. यंत्र 90 टक्के आजारी मुलं बरोबर ओळखतं आणि 90 टक्के निरोगी मुलांना बरोबर सोडतं, असं धरू. 10 पैकी 9 सापडली, छान. पण 990 निरोगी मुलांपैकी 99 जणांच्या नावावर खोटा गजर होईल. पडद्यावर शब्द उमटलेल्या 108 मुलांपैकी खरी आजारी फक्त 9. तुमची विद्यार्थिनी बहुधा उरलेल्या 99 मधली. रुग्णालयात, जिथे आधीच संशय असलेली मुलं येतात, तिथे हेच यंत्र कितीतरी शहाणं ठरतं. त्यामुळे ‘90 टक्के अचूक’ असं कुणी म्हणालं की ‘कुठल्या मुलांवर?’ हे विचारावं.

आणखी एक विचारावं : किती जोराच्या मर्मरी ऐकवल्या? अमेरिकन डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन यांनी 1933 साली मर्मरीच्या सहा पायऱ्या लावल्या. पहिली कान देऊन शोधावी लागते. सहावी स्टेथोस्कोप छातीवरून किंचित उचलला तरी ऐकू येते. वरच्या पायऱ्या कुणालाही ऐकू येतात. यंत्राचा कस खालच्या दोन पायऱ्यांवर लागतो.

त्या आईला सांगा, इकोचा रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या तपासणीत पुन्हा ‘मर्मर आहे’ असं निघालं तर तो डॉक्टरांना दाखवता येईल. आणि बाई, पुढच्या वेळी तपासणीच्या खोलीतला पंखा बंद करा, गलका बाहेर ठेवा आणि मैदानावरून आलेल्या मुलांना आधी पाच-दहा मिनिटं बसू द्या.