आधी फाँट, मग स्क्रू

कर्जतमध्ये टायपिंगची आणि लग्नपत्रिकांची कामं करता करता लॅपटॉप उघडायचं काम कधी अंगावर आलं ते कळलं नाही. इकडे नेरळ-कशेळे, तिकडे चौक-खोपोली, सगळीकडून जुनी मशीनं येतात. तक्रार ठरलेली: "दादा, फार काही नाही, नुसता स्लो झालाय." बहुतेकदा दुखणं हार्ड डिस्कचं निघतं. ती काढून एसएसडी बसवायला तासभर पुरतो, पण त्याआधीची तयारी दिवस खाते.

१. आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या दोन ओळी वाचता आल्या तरी बस्स. ०५ म्हणजे डिस्कने निकामी ठरवून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचताना अडले म्हणून संशयात ठेवलेले. सी५ च्या रॉ व्हॅल्यूत शून्याखेरीज काही दिसलं तर क्लोन, चेकडिस्क यांच्या नादी न लागता फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढा. टक टक असा आवाज येत असेल तर मशीन बंदच करा. डेटा हवाच असेल तर थेट रिकव्हरीवाला गाठा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणीतरी देतंच. आमच्याकडे जुलैत फ्रीजमधल्या बाटलीला बाहेर काढताक्षणी घाम फुटतो, डिस्कचंही तेच होईल.

२. जीव फाँटात असतो. विंडोज पुन्हा टाकता येतं, पण मराठीत धंदा करणाऱ्याची खरी इस्टेट म्हणजे श्रीलिपी नाहीतर आयएसएममध्ये केलेल्या, युनिकोडच्या आधीच्या फायली. पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये अशा कितीतरी पडून असतात. फायली नव्या डिस्कवर गेल्या आणि फाँट मागे राहिले, तर 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटतो. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरची प्रत आधी घ्या. सेटअपची सीडी आणि डाँगल कुठे आहे, तेही स्क्रूला हात लावण्याआधी शोधा. डाँगल ठेवलेल्या जागी कधीच नसतं. पोराच्या जुन्या दप्तरात सापडतं. टॅली वापरणाऱ्या भातगिरणीवाल्यांनी आणि फार्महाउसवाल्यांनी डेटाचा बॅकअप तर घ्यावाच, शिवाय जुनी डिस्क चालू आहे तोवर लायसन्स सरेंडर करावं. ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड मालकाला आठवतात, असं आजवर तरी पाहिलेलं नाही.

३. इथल्या डिस्का का मरतात? पावसाळ्यात लाइट जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्याने तो थेट चार्जरवर चालत असतो. लाइट गेली की लिहिता लिहिता डिस्क बंद. दुसरं कारण बाइक. झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप झोपलाच असं नाही. पाठीवरच्या बॅगेत डिस्क फिरतेय आणि खाली खड्डे! एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे खड्ड्यांची भीती मिटते. लाइटची मिटत नाही. बॅटरीही बदलून घ्या.

४. मशीन जुनं आहे, एसएसडीचा वेग त्याला झेपेल का, असं विचारतात. जुन्या साटा-२ मध्ये एसएसडीचा वेग जेमतेम निम्मा मिळतो हे खरं. पण आपण ताटकळतो ते डिस्कचा माथा योग्य जागी पोचेपर्यंत. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. त्यात माथा सरकायचा वेळ वेगळा, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो हेलपाटे. एसएसडीत हे हेलपाटेच नाहीत.

५. खरेदीला जाताना जुन्या डिस्कच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आकार अडीच इंची, पण जाडी बघा: जुनी बहुधा ९.५ मिलिमीटर, एसएसडी ७. डिस्क चौकटीत स्क्रूने धरलेली असेल तर फरक पडत नाही, नाहीतर स्पेसर लागतो. फारच जुन्या मशीनमध्ये साटाऐवजी आयडीई निघतं, दोन रांगांत बारीक पिना. त्याला साटाची एसएसडी बसत नाही. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, आणि खोपोलीकराला परतीच्या गाडीची वेळही जुळवावी लागते.

६. चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मग एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचा आराखडा काढा आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. दिसायला सगळे सारखे, पण लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर मनगट टेकतो तिथलं प्लास्टिक फुगून वर येतं. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली राहिलेला असतो. कडा सोडवायला जुनं सिमकार्ड ज्यातून निघालं ते प्लास्टिक उत्तम. डिस्क वर उपसायची नाही, कनेक्टरपासून आडवी सरकवायची.

७. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरात फक्त ब्राउझर आणि चिठ्ठीचपाटी असेल तर मी सरळ लिनक्स मिंट टाकून देतो. टॅली-कोरलवाल्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी विंडोज १० च. दहाचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही.

८. जुनी डिस्क शाबूत असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून काही महिने जपा. राहिलेली फाइल तेव्हाच आठवते. भंगारात देताना मात्र नुसतं फॉरमॅट पुरत नाही, आधार-पॅनचे स्कॅन त्यावर असतात. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून घ्या. मेलेली असेल तर हातोडा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, तेव्हा जाड फडक्यात गुंडाळूनच घाव घाला, आणि पोरांना लांब ठेवा.