बाळाचे पहिले झबले : घरगुती शिवणकामाचा एक पाठ

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांच्या आसपास वस्त्रव्यवसायाचा मोठा पसारा आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणले जाते, उल्हासनगरात तयार कपडे शिवले जातात आणि रेल्वे स्थानकांबाहेर लहान मुलांचे रंगीत कपडे स्वस्तात मिळतात. अशा परिसरात घरी झबले शिवण्याचा खटाटोप कोणी का करावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भावनेपेक्षा नवजात बालकाच्या शरीराच्या मापांत अधिक नेमके सापडते.

पूर्ण दिवसांच्या नवजात बालकाच्या डोक्याचा घेर साधारणतः ३५ सेंटिमीटर, तर छातीचा ३३ सेंटिमीटर असतो. ही दोन्ही मापे सारखी होण्यास सुमारे एक वर्ष लागते. म्हणजे मोठ्या माणसाच्या कपड्याचे गणित येथे उलटे होते. छातीला जो कपडा सैल बसतो, तोच डोक्यावरून जाताना अडतो. जुन्या पद्धतीचे झबले पाठीवर उघडे ठेवून बंदांनी बांधतात, त्यामागे हे साधे कारण आहे. स्वस्त तयार कपड्यात अनेकदा गळा अरुंद असतो, आतील शिवण टणक असते आणि कडेची नायलॉनची लेस बाळाच्या मानेला घासते. ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत कृत्रिम धाग्याच्या कपड्याने घामोळेही लवकर येते.

मराठी कुटुंबांत बाळंतविड्याची प्रथा आहे. झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दुपटी घरच्या बायका शिवून देत. त्यासाठी आजीचे जुने सुती लुगडे वापरीत. पुष्कळदा धुतल्याने त्याची खळ पूर्ण निघून गेलेली असते व सूत मऊ झालेले असते. याउलट मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटते. म्हणून नवे मलमल किंवा केंब्रिक घेतल्यास ते रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन व इस्त्री करूनच बेतावे. शिवणवर्गात हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो, आणि घाईत सर्वांत आधी मोडला जातो तोही हाच.

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या झबल्यासाठी ४० सेंटिमीटर रुंद व ६६ सेंटिमीटर लांब कापड पुरते. त्याची उभी वीण लांबीच्या दिशेने ठेवावी. कापड प्रथम आडवे दुमडावे. ही घडी खांद्यावर येते, त्यामुळे खांद्याला शिवण लागत नाही. मग ते उभे दुमडावे. आता २० सेंटिमीटर रुंद व ३३ सेंटिमीटर लांब अशी चारपदरी घडी मिळते. खांद्याच्या घडीवर, मधल्या घडीपासून ५ सेंटिमीटरवर गळ्याची खूण करावी. गळ्याची खोली मागे दीड व पुढे ४ सेंटिमीटर असावी. म्हणून मागचा गळा चारही पदरांतून कापून, पुढचा तेवढा वेगळा खोल करावा. खांद्यापासून ११ सेंटिमीटर खाली आणि मधल्या घडीपासून १४ सेंटिमीटरवर काखेची खूण येते. तेथून बाहेरच्या कडेपर्यंत बाही व खाली अंगाची बाजू, असा कोपऱ्यातील तुकडा किंचित गोलाई देऊन कापून टाकावा. शेवटी पाठीचा एकच पदर मधोमध गळ्यापासून खालपर्यंत उघडावा.

या मापांत बाजूच्या शिवणीसाठी दीड सेंटिमीटर जादा कापड धरलेले आहे. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात, आणि शब्द किती नेमका आहे हे बाळ वाढू लागले की कळते. बाजूंना टीप मारून गळ्याला उरेप पट्टी लावावी. आडव्या किंवा उभ्या धाग्याची सरळ पट्टी गोलाईवर नीट वळत नाही, तिला चुण्या पडतात. घरात यंत्र नसेल तर बारीक उलटी टीप हाताने घालूनही झबले चांगले टिकते. पहिले काही आठवडे झबले उलटे घातले तरी बिघडत नाही; शिवण बाहेर राहते व अंगाला टोचत नाही.

काही गोष्टींत मात्र तडजोड नसावी. गळ्याशी ओढून बांधायची नाडी नको. पाठीवरचे बंद आखूड असावेत. तान्ह्या बाळाच्या कपड्याला मणी, टिकल्या किंवा सैल बटणे लावू नयेत. शिवून झाल्यावर टाचण्या व सुया मोजून ठेवाव्यात. खणाची वा जरीची कुंची बारशापुरती शोभते. ती बांधून बाळाला झोपवू नये. कमी वजनाच्या बाळाला, म्हणजे जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असलेल्याला, ऊब टिकवण्यासाठी सुती टोपडे विशेष उपयोगी पडते, परंतु वैद्यकीय सल्ला अधिक महत्त्वाचा. पावसाळ्यात चाळीतील वा दोन खोल्यांच्या घरातील दोरीवर जाड लंगोट वाळत नाहीत. तेव्हा एकपदरी व संख्येने जास्त लंगोट शिवणे सोयीचे.

बालवाडीच्या वयात कपड्याचा विचार बदलतो. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणसाहित्यात बटणे व बंद लावण्याच्या चौकटी आहेत. ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, या शिक्षणाला ग्रामीण रूप दिले. समोर उघडणारा, मोठ्या बटणांचा सदरा शिवला तर मूल तो स्वतः घालते. शिक्षिकांनी हे पालक सभेत आवर्जून सांगावे.

शिवणवर्गाची सुरुवात झबल्यापासून होते, कारण चूक झाली तरी नुकसान थोडे. पुढे फ्रॉक, बाबासूट आणि ब्लाऊज अशी पायरी असते. उत्पन्न मुख्यतः ब्लाऊजपासून सुरू होते. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवणकामाला स्थान मिळाले, तेही स्त्रीच्या स्वावलंबनासाठीच. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ग्रामपंचायतीही महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून असे वर्ग चालवू शकतात. केवळ यंत्र वाटून काम संपत नाही. तेल घालणे, सुई बदलणे व धाग्याचा ताण जुळवणे हे न शिकवल्यास पहिल्या बिघाडानंतर यंत्रावर कपड्यांच्या घड्या ठेवल्या जातात. म्हणून वर्गाच्या शेवटच्या आठवड्यातील दोन दिवस दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत, आणि गावातील जाणत्या शिंप्यास त्यासाठी मानधन देऊन बोलवावे.