होमरच्या आधी ज्ञानोबा

नाना पेठ, पुणे

चि. बाळ,

मुलांच्या घरच्या शाळेसाठी तू फोनवर वाचून दाखवलेली यादी मी वहीत उतरवून घेतली. थोरलीला इलियड, व्हर्जिल, ऑगस्टिन, दान्ते, मिल्टन, धाकट्याला बन्यन. सगळं अमेरिकेहून एका खोक्यात येणार, वर आईसाठी उत्तरांची वेगळी वही. पैसे भरण्याआधी मावशीला विचारलंस, म्हणजे तुझ्या मनात कुठेतरी खुटखुटतंय.

यादी वाईट नाही. डोरोथी सेयर्सबाईंनी 1947 साली ऑक्सफर्डला जो निबंध वाचला, त्याच्यावर हे खोकं पाठवणारी मंडळी चालतात: आधी भाषेचा पाया, मग तर्क, मग मांडणी. मला ते पटतं. त्याहून पटतं ते हे, की ख्रिस्ती मुलाला दान्तेकडे नेण्याआधी ते होमर आणि व्हर्जिल वाचायला लावतात. परधर्माचे म्हणून वगळत नाहीत. दान्तेचा वाटाड्याच मुळी व्हर्जिल! आता हाच नियम वडगाव शेरीत वाढणाऱ्या पोरांना लावून बघ. त्यांचा होमर कोण? 1290 सालची ज्ञानेश्वरी आणि देहूचे तुकोबा. नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तू मुलांना पूलच ठेवला नाहीस, एकदम पलीकडचा काठ, आणि तोही इटलीतला.

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय महिनाभर वाचा, मग ख्रिस्तपुराण काढा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. गोव्यात मराठी शिकला आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी हवं म्हणून त्यांच्याच ओवीत बायबलची कथा रचली. 1616 साली ते राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. मिल्टनचं महाकाव्य यायला अजून पन्नास वर्षं होती. देवनागरी प्रत शांताराम बंडेलूंनी 1956 साली काढली, तीही आपल्या पुण्यातून.

इथे माझी एक चूक सांगते. शिकवण्या घेत होते तेव्हा मी दहावीच्या चार मुलींना हे पुराण पहिल्या ओवीपासून सुरू करून दिलं. एकूण ओव्या 10,962. पंधरवड्यात पोरी गळाल्या, आणि सृष्टी अजून पुरती उभी राहिली नव्हती! तू थेट दुसऱ्या पुराणापासून, म्हणजे येशूच्या कथेपासून, सुरुवात कर. एका बैठकीला वीस-पंचवीस ओव्या, मोठ्यानं, चालीत. शब्द अडला तर पुढे जाऊ दे. कान सरावला की कोकणी शब्दही आपोआप उलगडतात.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान. कादंबरी म्हणून ते मला भुसभुशीत वाटतं. विधवांची दुःखं मात्र खरी आहेत. दोन-तीन प्रकरणं पुरेत. बन्यन हवाच असेल तर हरि केशवजींनी 1841 साली त्याचं मराठी केलंय, निदान ते मराठीत कधीचं आहे एवढं धाकट्याला सांग.

वेळ द्यायचा तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ना. तुझ्या खोक्यात असं पुस्तक एकही नसेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा संसार मोडला, पोराला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या, रडल्या, आणि पुढे पाचेक वर्षांनी आपल्या पायांनी त्याच वाटेला आल्या. हे सगळं त्या हसत सांगतात, नवऱ्याचा विसरभोळेपणा आणि हट्ट यांच्यासकट. श्रद्धा घरात शिरते तेव्हा स्वयंपाकघरात काय काय होतं, ते सोळा वर्षांच्या मुलीनं वाचायलाच हवं. तुझ्या-माझ्या घरात कोणाच्या तरी पणजीचं असंच झालेलं आहे; आपण ते बोलत नाही, इतकंच. थोरलीला यावर उत्तरांची वही देऊ नकोस. लक्ष्मीबाईंच्या बाजूनं टिळकांना एक पत्र लिहायला सांग, मग टिळकांच्या बाजूनं उत्तर. सेयर्सबाईंचे तर्क आणि मांडणी दोन्ही त्यात येतील.

एक दिवस रेल्वेनं केडगावला जा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते मुक्ती मिशनमध्ये तिथल्या बायकांनी छापलं. येताना पंचहौदाच्या चर्चवरून या. 1890 साली तिथे मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून लोकमान्य आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्तापर्यंत ओढलं गेलं, आणि त्याच वर्षी रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांग. कशी जुळतात ते ती विचारतीलच.

परीक्षेची चिंता वेगळी ठेव. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला वयाची चौदा पुरी लागतात, मराठी विषय घेता येतो आणि त्याचा अभ्यासक्रम त्यांचा आहे. तो सहा महिने आधी काढ. त्यात हे वाचन कोंबू नकोस.

इलियड आणि ऑगस्टिन राहू देत. दोन्ही इथल्या ग्रंथालयातून मिळतील, खोकं मागवायचं कारण नाही.

माझी बंडेलूंची प्रत तुझ्यासाठी काढून ठेवलीय. रविवारी उपासनेनंतर ये. पिशवी आण, बांधणी सुटलीय तिची.

तुझी,
मावशी