उधव्याच्या डोंगरात पायी आणि सायकलने

उधवा हे पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्याचे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. पूर्वेला दादरा-नगर हवेलीची हद्द, उत्तरेला गुजरात आणि दक्षिणेला डहाणू तालुक्यातला सायवन–कासा भाग. समुद्रकाठची सपाटी इथे संपते आणि सह्याद्रीच्या बाजूच्या टेकड्या सुरू होतात. साग, खैर, ऐन, पळस, मोह आणि ताड यांचे रान, त्यात विखुरलेले पाडे आणि पाड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते व पायवाटा, असा हा मुलूख आहे. सायवनच्या बाजूला, व्याहाळी गावावर, दोन हजार फुटांहून उंच गंभीरगड उभा आहे. चारोटीजवळ महामार्गालगत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आहे. पायी फिरणारे आणि डोंगरी सायकल चालवणारे मुंबई, वसई, वापी इथून सुट्टीच्या दिवशी इकडे येतात.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फाटक असते, तिकीट असते, संध्याकाळी बाहेर पडायची वेळ ठरलेली असते, भाड्याने सायकलही मिळते. उधव्याच्या डोंगरात यातले काहीच नाही. आत कोण गेले आणि परत कोण आले, याची नोंद कोणी ठेवत नाही. इथे होणाऱ्या बहुतेक फजित्यांचे मूळ याच एका गोष्टीत असते. उद्यानाची व्यवस्था जी काळजी घेते, ती इथे ज्याची त्याने घ्यावी लागते आणि उरलेल्या गोष्टींसाठी गावाचे ऐकावे लागते.

ऋतू निवडताना

जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस या चार महिन्यांत पडतो आणि तो दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. डोंगर हिरवे, ओढे भरलेले आणि फोटो सुंदर येतात, म्हणून गर्दीही याच काळात होते. पण खडकावर शेवाळ, वाटेवर चिखल आणि माथ्यावर धुके असते. सायकलसाठी हा काळ डांबरी रस्त्यापुरताच ठेवावा. ऑक्टोबरात पाऊस सरत असताना दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो. त्या दिवसांत माथ्यावरून दुपारपूर्वी खाली यावे आणि वीज चमकू लागली तर एकट्या झाडाखाली थांबू नये.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सकाळ गार असते, वाटा वाळलेल्या असतात आणि गवत अजून उभे असते. मात्र दिवस लहान असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला त्याआधीच अंधारून येते. मार्चपासून ऊन चढते, पानगळ झालेल्या सागाखाली सावली राहत नाही आणि वाळलेल्या गवताला वणवा लागतो. याच दिवसांत शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतात. लांबून दिसणारा प्रत्येक धूर वणव्याचा नसतो, पण वाऱ्याच्या दिशेने सरकणारा धूर दिसला तर चढ सोडून उघड्या शेताकडे उतरावे. आग चढावर झपाट्याने धावते.

चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते आणि ती पंधरवडाभर चालते. त्या काळात चारोटी भागातला महामार्ग आणि डोंगराची वाट भाविकांनी भरलेली असते. देवीच्या दर्शनाला जरूर जावे. सायकलची रपेट मात्र दुसऱ्या दिवसांसाठी ठेवावी.

वेळेचे गणित

रेल्वेने येणाऱ्यांना डहाणू रोड किंवा उंबरगाव, आणि गाडीने येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ४८ वरची तलासरी किंवा चारोटी ही दारे सोयीची. चूक बहुतेक वेळा इथेच सुरू होते. मुंबईहून पहाटे निघालेला गट महामार्गावर नाश्ता करून दहा-साडेदहाला पायथ्याला पोचतो. चढ सुरू होतो तेव्हा अकरा वाजलेले असतात. माथा दुपारी दोनला येतो, पाणी तोवर संपत आलेले असते आणि उतरताना थकलेले पाय मुरमावर घसरू लागतात. मुरगळलेला घोटा, फुटलेला गुडघा आणि अंधारात चुकलेली वाट हे सगळे उतरणीवरचे प्रकार आहेत.

उपाय साधा आहे. पायथ्याला सूर्योदयाच्या सुमारास असावे. त्यासाठी आदल्या रात्री डहाणू, बोर्डी किंवा तलासरी परिसरात मुक्काम करावा. निघतानाच परत फिरायची वेळ ठरवावी आणि ती गटातल्या सगळ्यांना सांगावी. त्या वेळेला माथा समोर दिसत असला तरी मागे वळावे. माथा हुकल्याने काही बिघडत नाही, संध्याकाळ हुकली तर बिघडते.

गुरांच्या वाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा मुख्य पायवाटेसारख्याच दिसतात आणि रानात मधेच विरून जातात. गंभीरगडासारख्या डोंगरावर व्याहाळीतला वाटाड्या घेणे म्हणूनच शहाणपणाचे. त्याचा मोबदला निघण्याआधी बोलून घ्यावा. मोबाईलचे जाळे दऱ्यांत तुटते आणि हद्दीजवळ फोन पलीकडच्या राज्याचे मनोरे पकडतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, आणि कोण, कुठल्या गावातून, कुठे चालले आहे व किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी आणि पायथ्याच्या एका घरात सांगून जावे.

पाणी आणि ऊन

किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणून तापमान फार नसतानाही माणूस गळून जातो. चढावर प्रत्येकाने तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरून निघावे. सगळे पाणी गावातूनच भरून घ्यावे. वरच्या टाक्यांवर किंवा झऱ्यांवर भिस्त ठेवू नये. उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची टंचाई असते आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. अशा घरी पिण्यापुरते मागावे, हातपाय धुण्यासाठी मागू नये.

घामाबरोबर मीठही जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी बाटलीत असावे. डोके दुखणे, मळमळ आणि पायात गोळे ही पहिली सूचना. तिथेच सावलीत बसावे, पाणी घ्यावे आणि उतरावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात आहे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

उन्हात ताडी पिऊन डोंगर उतरणे किंवा सायकल चालवणे हा या भागातल्या पाहुण्यांचा नेहमीचा अपराध आहे. तिने तोल जातो आणि पाण्याची गरज वाढते. दादरा-नगर हवेलीतून दारूची बाटली आणण्याचा मोहही टाळावा. हद्दीवर तपासणी होते आणि गुन्हा दाखल होतो.

सायकलवर

उधवा–सायवन–कासा रस्ता आणि त्याला फुटणारे पाड्यांचे रस्ते सायकलसाठी चांगले आहेत. चढउतार आहेत आणि वस्ती फार लांब राहत नाही. तलासरी–उधवा–खानवेल बाजूला मात्र सिल्वासाच्या कारखान्यांकडे जाणारी अवजड वाहने असतात, त्यामुळे तिथे सकाळी लवकर जावे, एकामागे एक चालावे आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

डांबर सोडले की मुरूम लागतो. बेसाल्ट झिजून झालेला हा तांबूस चुरा वाळला की गोल खड्यांसारखा चाकाखालून सरकतो. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर पुढचे चाक सरकते आणि स्वार तोंडावर पडतो. वेग वळणाच्या आधीच कमी करावा, वळणात ब्रेक धरू नये, अंग मागे न्यावे आणि दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबत उतरावे. चाकात हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवली तर पकड येते. बोर, बाभूळ आणि करवंदीचे काटे टायरमध्ये हमखास शिरतात. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, चेन तोडायचे हत्यार आणि एक जोडदुवा प्रत्येक गटाकडे असलाच पाहिजे. गिअरची सायकल दुरुस्त करणारा पाड्यावर मिळत नाही. हेल्मेट चढावर काढले तर उतार सुरू होण्याआधी घालावे.

शेताच्या बांधावरून सायकल नेऊ नये. बांध फुटला की खाचरातले पाणी वाहून जाते आणि त्या घराचा भात जातो. गुरे, कोंबड्या आणि मुले दिसली की पाय टेकून जावे. पावसाळ्यानंतर ओढ्यावरच्या फरशीवर शेवाळाचा थर असतो, तिथे उतरून सायकल हाताने ढकलावी.

ओढे

पावसाळ्यातले बुडणे हा या भागातला मोठा धोका आहे. वारोळी आणि सूर्या या नद्यांना मिळणारे ओढे कोरड्या दिवसात घोट्याइतके असतात. वरच्या डोंगरात सर पडली की थोड्या वेळात ते कमरेपर्यंत येतात, मग खाली ऊन का असेना. पाणी गढूळ होणे, पाला-काटक्या वाहत येणे आणि आवाज वाढणे ही पूर येण्याची खूण. गुडघ्यावर चढलेल्या वाहत्या पाण्यात उतरू नये. फरशीवरून पाणी जात असेल तर थांबावे. पाऊस उघडल्यावर ते सहसा काही तासांत उतरते. कुर्झे आणि धामणी ही धरणे पाहण्यासाठी आहेत, पोहण्यासाठी नाहीत. पायाला जखम असेल तर खाचराच्या पाण्यात चालू नये. पावसाळी फिरस्तीनंतर ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या पाण्यातून चाललो ते सांगावे, म्हणजे लेप्टोची शंका वेळेवर येते.

साप, रान आणि जमीन

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. घोट्यावर येणारे बूट घालावेत, दगडाच्या फटीत हात घालू नये आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका अधिक. तिचा दंश दुखत नाही आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडतो. म्हणून तंबूची चेन बंद ठेवावी. दंश झाला तर तो भाग हलू देऊ नये, अंगठी-कडे काढावे आणि माणसाला उचलून न्यावे. घट्ट बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काही करू नये. भगताकडे जाण्यातही वेळ घालवू नये, कारण सर्पविषावरचा उतारा प्रतिविष हाच आहे.

बिबट्याचा वावर आहे, पण तो माणसाला टाळतो. तिन्हीसांजेनंतर एकट्याने फिरू नये, एवढे पथ्य पुरते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यातल्या एका धक्क्याची तीव्रता ४ च्या वर गेली. त्यामुळे मुक्कामाची जागा कड्याखाली किंवा सुट्या धोंड्यांच्या पायथ्याला निवडू नये, आणि जुन्या भिंतीच्या आडोशालाही झोपू नये.

गावाची रीत

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना गौण वनोपजावर हक्क दिला आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या कसणाऱ्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला आहे. बाहेरच्याला मोकळे रान वाटते ते कोणाचे तरी शेत, कुरण किंवा मोहाचे झाड असते. मोह फुलण्याच्या दिवसांत झाडाखालची जमीन फुले वेचायला झाडून ठेवलेली असते. तिच्यावरून चालू नये, सायकल तर मुळीच नेऊ नये. राखीव वनात जाण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारावे. तिथे आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे.

वाटेत शेंदूर लावलेला दगड किंवा वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला लाकडी खांब दिसतो. तो वाघदेव आहे. त्यावर बसणे, सायकल टेकवणे किंवा पायताणासह जवळ जाणे वारली माणसाला दुखावते. गावात शिरताना ‘जोहार’ किंवा ‘राम राम’ म्हणावे, वडीलधाऱ्यांना काका, मावशी म्हणून हाक मारावी आणि घराचा, भिंतीवर चितारलेल्या चौकाचा, माणसांचा फोटो विचारून घ्यावा. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. जेवण हवे असेल तर आदल्या दिवशी सांगावे आणि योग्य पैसे द्यावेत. प्लास्टिक परत न्यावे, कारण इथे कचरागाडी येत नाही आणि टाकलेली पिशवी गुरांच्या पोटात जाते.

अडचण आली तर

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि १९२६ वर वनखात्याची मदत मिळते. जाळे नसेल तर उंच मोकळ्या जागेवर जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. कासा आणि डहाणू इथे उपजिल्हा रुग्णालये, तर तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. यांतले जवळचे कोणते, हे निघण्याआधीच पाहून ठेवावे. रुग्णवाहिका डोंगरावर येत नाही, ती रस्त्यापर्यंतच येते. तिथवर जखमीला आणायचे काम गटाचे आणि गावाचे. म्हणून चारपेक्षा कमी जणांनी डोंगरात जाऊ नये. एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून पाड्यावर जावे. पाड्यावरची माणसे झोळी करून जखमीला खाली आणण्यात तरबेज असतात, कारण स्वतःच्या आजाऱ्यांनाही त्यांना कित्येकदा असेच आणावे लागते. सगळे सुखरूप खाली आले की ज्या घरात जाताना सांगून ठेवले होते, तिथे परतल्याचे कळवावे. नाहीतर ते लोक रात्री विजेऱ्या घेऊन शोधायला बाहेर पडतात.