एस्ट्रुप मंत्रिमंडळ (१८७५–१८९४) : संविधानाचे शब्द आणि आशय

प्रास्ताविक

डेन्मार्कमध्ये याकोब एस्ट्रुप यांचे पुराणमतवादी मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहात बहुमत नसतानाही एकोणीस वर्षे सत्तेवर राहिले. हे कसे शक्य झाले, ते या उपघटकात पाहू.

पार्श्वभूमी

१८४९ च्या संविधानाने डेन्मार्कमधील अनियंत्रित राजसत्ता संपुष्टात आणली. १८६६ च्या दुरुस्तीने मात्र ‘लान्ड्सटिंग’ या वरिष्ठ सभागृहात बड्या जमीनदारांचे वजन वाढले. तेथील १२ सदस्य राजनियुक्त असत. ‘फोल्केटिंग’ या कनिष्ठ सभागृहात १८७२ पासून ‘व्हेन्स्ट्रे’ या शेतकरीप्रधान पक्षाचे बहुमत होते. मंत्री नेमण्याचा अधिकार राजाचा असल्याने ख्रिश्चन नववा याने १८७५ मध्ये एस्ट्रुप यांना पाचारण केले. ते स्वतः मोठे जमीनदार होते.

संघर्षाचे स्वरूप

कोपनहेगनच्या तटबंदीवरील खर्च हा वादाचा प्रमुख विषय होता. फोल्केटिंगने अर्थसंकल्प अडवून धरला. तेव्हा एस्ट्रुप यांनी संविधानाच्या २५ व्या कलमाचा आधार घेतला. संसदेचे अधिवेशन चालू नसताना निकडीच्या प्रसंगी तात्पुरते कायदे करण्याची मुभा या कलमाने राजाला दिली होती. १८७७ मध्ये एकदा आणि १८८५ पासून १८९४ पर्यंत दरवर्षी अर्थसंकल्प याच मार्गाने अमलात आला. निकडीसाठी असलेला अपवाद असा नित्याचा नियम बनला. ऑक्टोबर १८८५ मध्ये एस्ट्रुप यांच्यावर गोळीबार झाला. त्यातून ते बचावले. त्यानंतर सरकारने दडपशाही अधिक कडक केली.

परिणाम

१८९४ मध्ये मवाळ विरोधकांशी तडजोड झाली आणि एस्ट्रुप पायउतार झाले. १९०१ मध्ये राजाने व्हेन्स्ट्रेचे मंत्रिमंडळ नेमले. कनिष्ठ सभागृहाचा विश्वास गमावलेल्या मंत्रिमंडळाने दूर व्हावे, हा नियम संविधानात लेखी स्वरूपात आला तो १९५३ मध्ये.

सारांश

एस्ट्रुप यांनी संविधानाच्या शब्दांचाच आधार घेतला. परंतु खर्चाला लोकप्रतिनिधींची संमती हवी, हा त्यामागील आशय त्यांनी निष्प्रभ केला. लेखी कलमांइतकेच राजकीय संकेतही लोकशाहीला आवश्यक असतात, हे यावरून स्पष्ट होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १८६६ च्या दुरुस्तीचा लाभ कोणत्या वर्गाला झाला?
२. ‘एस्ट्रुप यांचा कारभार कायदेशीर असला तरी लोकशाहीला धरून नव्हता.’ या विधानाची सकारण चर्चा करा.