आपले शिवार म्हणजे बेट नव्हे!

उंदीर इथूनतिथून सारखाच, असे आपण समजतो. परंतु बेटावरचे उंदीर आणि मुख्य भूमीवरचे त्यांचे भाऊबंद यांची तुलना केली, तर आपल्या शेतीला उपयोगी पडणारा धडा मिळतो.

आकारातील फरक : स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात सेंट किल्डा ही लहान बेटे आहेत. तेथील रानउंदराचे वजन मुख्य भूमीवरील त्याच जातीच्या उंदराच्या जवळजवळ दुप्पट भरते. कोल्ह्यासारखे शत्रू तेथे नाहीत. त्यामुळे लहानशा फटीत लपण्याची गरज कमी होते आणि थंडीत मोठे शरीर उपयोगी पडते, हे त्याचे एक कारण मानतात. १९३० मध्ये या बेटांवरील माणसांची वस्ती उठली. त्यानंतर घरांतील उंदीर थोड्याच काळात नामशेष झाले. माणसाचा आसरा गेला आणि बाहेरून नवी भर पडण्याची सोयही नव्हती.

आनुवंशिक फरक : घरातील लहान उंदराच्या पेशीत सर्वसाधारणपणे ४० गुणसूत्रे असतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर मात्र २२ ते ३० गुणसूत्रांचे सहा वेगवेगळे गट आढळले आहेत. काही गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेल्याने त्यांची संख्या घटली. बेटावरील डोंगरांमुळे खोरी एकमेकांपासून तुटलेली आहेत. संख्या थोडी व ये-जा बंद असली, की योगायोगाने झालेला बदलही काही पिढ्यांत सर्वांमध्ये पसरतो. ये-जा चालू असेल, तर असे वेगळेपण टिकणे अवघड जाते.

आपण काय करावे?

१) आपल्या शेताभोवती समुद्र नाही, शेजाऱ्याचा बांध आहे. एकट्याने उंदीर मारले, तर रिकामी बिळे शेजारचे उंदीर लवकरच भरून काढतात. म्हणून सर्व शिवारात, ओढ्याकाठी, पडीक जागी व बांधांवर, गावाने एकाच वेळी मोहीम राबवावी.

२) प्रथम सर्व बिळे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, त्यांतच शिफारस केलेले विषारी आमिष टाकावे. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.

३) गोठ्यातील शेळ्यांचा लहान कळप मात्र खरोखरच बेटासारखा असतो. त्याच कळपातला बोकड पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यास जवळच्या नात्यात पैदास होऊन करडे अशक्त निपजतात. यासाठी ठरावीक काळाने बाहेरचा जातिवंत बोकड आणावा.

थोडक्यात, उंदरांची वाट बंद करा आणि कळपात नव्या रक्ताची वाट मोकळी ठेवा.