हिमस्खलन : थरांखाली दडलेला धोका

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात ‘द्रौपदी का डांडा’ नावाचे शिखर आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गिर्यारोहणाचे शिक्षण घेणारी एक तुकडी त्याच्या उतारावर असता हिम घसरले आणि पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला. भूगोलाच्या पुस्तकातून हिमालय पाहणाऱ्या मुलास साहजिकच प्रश्न पडेल की, कापसासारखे भुरभुरणारे हिम माणसास मारते कसे?

पर्वतावरील हिम एकसंध नसते. प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा. थर पातळ असून आकाश निरभ्र राहिले व कडाक्याची थंडी पडली, म्हणजे त्याचा पृष्ठभाग अतिशय थंड होतो, तळ मात्र जमिनीलगत शून्य अंशाच्या जवळपास राहतो. अशा वेळी तळाकडून वाफ वर चढते आणि साखरेसारखे टपोरे, एकमेकांस न चिकटणारे स्फटिक तयार होतात. पुढे वाऱ्याने वाहून आणलेले हिम त्यांवर घट्ट पापुद्र्यासारखे बसते. वरून पाहणाऱ्यास सारे भक्कम दिसते! मग एखादे पाऊल पडते, खालचे स्फटिक ढासळतात आणि सबंध पापुद्रा तुटून खाली धावतो. माणसे ज्यांत सापडतात, त्यांपैकी बहुतेक हिमस्खलने त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच भाराने सुटलेली असतात.

वर्गात हे दाखविण्यास हिम नको. शिक्षकांनी पाटावर साखर पसरावी, तीवर तांदळाच्या पिठाचा जाड थर हलकेच दाबून बसवावा आणि पाटाची एक बाजू सावकाश उचलावी. एका क्षणी पीठ ढलप्यांनी तुटून घसरेल. पाटाचा कोन व पर्वताचा कोन एकच येईल असे मात्र नव्हे. पर्वतावर ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा सुटत नाही, फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही. कोनमापकाने हे दोन्ही कोन मुलांकडून काढवून घ्यावेत.

घसरून थांबलेले हिम दगडासारखे घट्ट होते. गाडलेल्यास हातही हलविता येत नाही. दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांपैकी एखादाच. पायथ्याच्या गावातून मदत येण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून जाणकार गिर्यारोहक प्रत्येकाजवळ संकेतयंत्र, लांब शोधसळई व फावडे ठेवतात. संशयित उतार ते एकेकट्याने ओलांडतात. उरलेले सुरक्षित जागी उभे राहतात आणि तो पलीकडे पोहोचेपर्यंत त्याच्यावरची नजर काढीत नाहीत.